कुलर, रिफिफी आणि बर्फी

मे महिन्यात नागपुरात जुना चोरीचा सिनेमा पाहायचा म्हणजे आधी ठरवावं लागतं, ऐकायचा की जगायचं? कुलर लावला तर माणूस वाचतो, पण सिनेमा मुका होतो. म्हणून मी मोठ्या हुशारीने १९५५ चा फ्रेंच ‘रिफिफी’ काढला. त्यात सराफाचं दुकान फोडण्याचा जवळजवळ अर्ध्या तासाचा प्रसंग आहे. ना संवाद, ना संगीत. आता कुलर काय बिघडवणार?

“काहून रे, टीव्हीचा आवाज गेला का?” आईने विचारलं.

“नाही, चोरी सुरू आहे.”

“मग कोणी बोलून काहून नाही राहिलं?”

चोरांनी वरच्या मजल्यावरून भोक पाडलं आणि त्यातून मिटलेली छत्री खाली सोडून उघडली. पडणारा चुना तिच्यातच झेलला जातो. “पाऊस लागला बाप्पा त्यांच्याकडे,” आई हेवा वाटून म्हणाली. मग त्यांनी धोक्याच्या घंटेत फेस मारून तिची बोलती बंद केली. आमच्या कुलरसाठी असा फेस कुठे मिळत असेल, तर मी ते दुकान फोडायला तयार आहे.

तिजोरी फुटायला आली आणि लाईन गेली.

कुलर थांबला. घरात उन्हाळाभर न ऐकलेली शांतता पसरली आणि तिच्यात स्वयंपाकघरातून डब्याचं झाकण खणकन वाजलं. संत्रा बर्फीचा डबा. बाबांची साखर तपासून फार दिवस झाले नव्हते. “पाणी पीत होतो,” बाबा कोणी न विचारता म्हणाले. मिशीवर नारिंगी चुरा होता.

लाईन आल्यावर तेही निमूट येऊन बसले. चोरी बिनबोभाट पार पडते, पण तिजोरी फोडणारा सेझार एक अंगठी खिशात टाकतो, गाणारणीला देतो आणि तिथून सगळे अडकतात. दिग्दर्शक ज्यूल दासँने सेझारचं काम स्वतःच केलंय, त्यामुळे नटाला शिव्या घालायचीही सोय नाही. शेवटी त्याला पोलीस नाही, त्याचाच म्होरक्या गोळी घालतो. बाबांनी आईकडे पाहिलं.

“एखादा जुना सिनेमा असा लाव, ज्यात चोर सुटतात,” ते हळूच म्हणाले.

“कठीण आहे. हॉलिवूडमध्ये तर १९३४ पासून तीसेक वर्षं चोराला सुखाने सुटू द्यायचं नाही, असा लेखी नियमच होता.”

“आपल्याकडे एकोणऐंशीच्या वैशाखापासून आहे,” म्हणत आईने डबा गोदरेजच्या कपाटात ठेवून किल्ली फिरवली.