नववीच्या पोरांना सुविचार नको, वाक्यं द्या

शाळांच्या ब्रोशरवर आता रोबोटिक्स आणि स्विमिंग पूलच्या शेजारी अजून एक आयटम आलाय, सोशल इमोशनल लर्निंग. म्हणजे भावना ओळखणं, राग आवरणं, दुसऱ्याचं समजून घेणं वगैरे. पालकही विचारतात, मॅडम तुमच्याकडे आहे का हे? मी हायस्कूलला शिकवते, आठवी ते दहावी, आणि माझा याला अजिबात विरोध नाही. पण ते ज्या पद्धतीने शिकवलं जातं त्याबद्दल बोलायचंय.

आधी एक, हे काही आभाळातून पडलेलं नवीन नाही. डब्ल्यूएचओची दहा जीवनकौशल्यं नव्वदच्या दशकातली. आपल्याकडे परिपाठ होता, मूल्यशिक्षण होतं, मग नववी-दहावीला ‘स्वविकास व कलारसास्वाद’ नावाचा श्रेणी विषयपण आला. आता श्रेणी विषयाचं काय होतं ते शिक्षकांना सांगायला नको, पोर्शन राहिला की पहिला तास त्याचाच जातो गणिताला आणि वर्षाच्या शेवटी सगळ्यांना अ.

पण समजा तास झालाच, अगदी छान पीपीटी लावून झाला, तरी? 2011 साली अमेरिकेत अशा 213 कार्यक्रमांचा एकत्र अभ्यास झाला होता, त्यात मुलांच्या वागण्यात आणि मार्कांतसुद्धा फायदा दिसला. सगळे त्याचाच दाखला देतात. नंतरचं कोणी सांगत नाही. ब्रिटनमध्ये ऐंशीच्या वर शाळांत, आठ हजारांहून जास्त मुलांवर माइंडफुलनेसचा (शांत बसून श्वासाकडे, मनाकडे लक्ष द्यायचा सराव) मोठा प्रयोग झाला, 2022 ला निकाल आला, नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काही वेगळा फायदा नाही. बऱ्याच मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. (करतील का? गृहपाठ करत नाहीत.) ऑस्ट्रेलियात 2023 ला आलेला निकाल तर उलटाच, आठवी-नववीच्या हजारभर मुलांपैकी साधारण निम्म्यांचे भावना हाताळायचे आठ तास घेतले तर संपल्या संपल्या त्या मुलांची चिंता आणि उदासी बाकीच्यांपेक्षा थोडी जास्तच निघाली आणि आईबापांशी नातंही जरा बिघडलेलं.

मला यात नवल वाटलं नाही. साठ पोरांच्या वर्गात ‘तुला कशाची भीती वाटते ते सांग’ म्हणणं म्हणजे त्या पोराला उघडं पाडणं आहे हो. एकाने खरं सांगितलं की पप्पांची भीती वाटते, मधल्या सुट्टीपर्यंत त्याचं नाव ‘पप्पा’ पडलं होतं. पुढच्या तासाला सगळ्या वर्गाला फक्त पालीची भीती वाटत होती.

या वयात कोण बघतंय याला फार किंमत असते. 2005 चा एक अमेरिकन प्रयोग आहे, गाडी चालवायचा व्हिडिओ गेम दिला, पोरं मित्रांसोबत खेळायला लागली की एकटं असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका घ्यायला लागली, मोठ्या माणसांना मित्र असले नसले तरी विशेष फरक पडला नाही. म्हणजे शांत वर्गात वहीत लिहिलेलं ज्ञान ग्रुपमध्ये गेल्यावर कामाला येत नाही. सराव करायचाच तर मित्र बघतायत असं धरून करायला पाहिजे.

आमच्याकडे एका मुलीच्या फोटोचं स्टिकर करून वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवलं. करणारा एक होता, हसणारे इमोजी टाकणारे चौदा-पंधरा, आणि गप्प बसलेले बाकी सगळे. करणाऱ्याचं जे व्हायचं ते ऑफिसमध्ये झालं, पण मला गप्प बसलेल्यांत जास्त इंटरेस्ट होता. विचारलं तर म्हणाले, ‘मॅडम चुकीचं आहे ते कळत होतं, पण काय बोलणार?’ यांना मूल्य माहिती आहे, वाक्य नाहीये. या विषयाच्या तयार धड्यात, म्हणजे मॉड्यूलमध्ये, वाक्य होतं, ‘तुझ्या या कृतीमुळे मला वाईट वाटले.’ असं बोललं तर त्या बोलणाऱ्याचंच स्टिकर होईल! मग त्यांनाच म्हटलं तुम्हीच तयार करा. ‘भावा बास आता’, ‘ए डिलीट मार ना, बोअर होतंय’, ‘हिचं नको, माझं कर’. एकाने बोलायचं आणि दोघांनी लगेच ‘हो ना’ टाकायचं, हेही त्यांनीच ठरवलं, कारण एकटा पडायला कुणालाच नको असतं. मग बाकांवर बसून खोटं खोटं भांडून ती वाक्यं तोंडात बसवली, वर्ग बेक्कार हसला, पण बसली.

असंच नकाराचं. मुलगी नाही म्हणाली तर पुढच्या दहा मिनिटांत नेमकं काय करायचं, कुणाला सांगायचं, ग्रुपवर काय टाकायचं नाही, हे पोरांना कोणीच सांगत नाही. ‘स्त्रियांचा आदर करा’ हा सुविचार फळ्यावर मात्र असतो. हरणं शिकवायचं तर पीटीचे सर माझ्यापेक्षा जास्त शिकवतात, कबड्डीत बाद झाल्यावर हात मिळवून बाहेर बसायला लावतात, आणि दहावीत आपण नेमका तोच तास काढून घेतो.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. कौशल्य म्हणजे उपचार नव्हे. एनसीआरबीच्या (केंद्राचा गुन्हे नोंद विभाग) आकड्यांत 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत आणि त्यात आपला महाराष्ट्र पहिला. जे मूल जेवत नाही, झोपत नाही, सारखं सगळं संपवायचं बोलतं त्याला वाक्यांचा सराव नको, माणूस पाहिजे. सुप्रीम कोर्टाने जुलै 2025 मध्ये सांगितलंय की शंभर किंवा जास्त मुलं असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. पालकसभेत मेसच्या भाजीवर बोलता तसं यावरही विचारा. आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं, सेव्ह करून ठेवा.

पालकांवरून आठवलं, एक वडील पालकसभेत सगळ्यांसमोर पोरावर ओरडत होते, ‘मॅडम याला जरा आवाज खाली ठेवून बोलायला शिकवा!’ पोरगा माझ्याकडे बघत होता. मी काय बोलणार, मॉड्यूलमध्ये बापांसाठी चॅप्टर नाही.

तर तुमच्या घरातल्या, सोसायटीतल्या पोरांकडे अशी ‘भावा बास’ टाईप खरी चालणारी वाक्यं असतील तर कमेंटमध्ये टाका, पुढच्या आठवड्यात आठवीला घ्यायचंय. सुविचार कृपया नको.