कमरेचा पट्टा कशासाठी हवा, हे आधी ठरू द्या

कंबरदुखीसाठी पट्टा घ्यायला औषधांच्या दुकानात गेल्यावर पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा प्रश्न असतो, ‘कंबर किती?’ दुखते नेमके कुठे, कधीपासून, कळ पायात उतरते का, काम बसून करायचे आहे की उभ्याने, यांपैकी काहीही न विचारता काउंटरवर मीडियम किंवा लार्जचा खोका येतो. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याच्या हाती दिलेल्या चिठ्ठीवरही ‘एल. एस. बेल्ट’ (लंबोसॅक्रल, म्हणजे कमरेचा आणि त्याखालच्या भागाचा पट्टा) याखेरीज काही लिहिलेले नसते. गोळी सकाळी घ्यायची की रात्री, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, हे सारे नीट लिहून देणारे डॉक्टर पट्ट्याच्या बाबतीत इतके मोघम का राहतात, हे अनेक वर्षे कंबरदुखी सांभाळूनही मला उमगलेले नाही. पट्टा कोणत्या कामासाठी, दिवसातून किती वेळ आणि कधीपर्यंत, हे ठरल्याशिवाय तो विकत घेऊ नये, आणि ही तीन उत्तरे रुग्णाला देणे ही तो लिहून देणाऱ्याची जबाबदारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या कंबरदुखीला जुनाट कंबरदुखी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 2020 साली जगात सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती. यांतील बहुसंख्य लोकांच्या दुखण्याला एक्स-रे किंवा एमआरआयवर बोट ठेवून दाखवता येईल असे एकच कारण सापडत नाही. अशा जुनाट कंबरदुखीसाठी याच संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत व्यायाम आणि रुग्णाला त्याचे दुखणे नीट समजावून सांगणे यांची शिफारस आहे, तर कमरेचे पट्टे नेहमीच्या उपचाराचा भाग म्हणून देऊ नयेत, असे म्हटले आहे. उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेनेही 2016 मध्ये हेच सांगितले होते. त्याच्या कितीतरी आधी अमेरिकेत एका मोठ्या दुकानसाखळीच्या 160 नव्या दुकानांमधील नऊ हजारांहून अधिक कामगारांचा अभ्यास झाला. त्यांना रोज माल उचलावा लागत असे. पट्टा वापरणाऱ्यांमध्ये कंबरदुखी किंवा कमरेच्या दुखापती कमी झाल्याचे त्यात दिसले नाही. तो अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला.

हे वाचून पट्टा सरळ फेकून द्यावा असे कोणाला वाटेल, पण माझा निष्कर्ष तसा नाही. नेदरलँड्समध्ये घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या आणि आधीपासून कंबरदुखी असलेल्या कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या दिवशी दुखेल किंवा दुखेल असे वाटेल, त्या दिवशी कामावर पट्टा लावायची मुभा असलेल्यांचे दुखण्याचे दिवस वर्षभरात बरेच कमी भरले, मात्र आजारपणाच्या रजा काही कमी झाल्या नाहीत. मला या दोन्ही बाबी सारख्याच महत्त्वाच्या वाटतात. पट्टा दुखणे बरे करत नाही आणि पुढचे दुखणे टाळतही नाही, परंतु ठरावीक माणसाचा ठरावीक दिवस तो सुसह्य करू शकतो. पट्ट्याकडून एवढीच अपेक्षा ठेवली, तर तो निवडणे पुष्कळ सोपे होते.

पट्टा नेमके काय करतो, तेही इथे सांगायला हवे. तो पोटाला सगळीकडून दाब देतो, कमरेला ऊब देतो, आणि वाकताना किंवा वळताना लगेच जाणवत असल्यामुळे माणूस आपोआप जपून हालचाल करतो. मणक्यांना तो जागच्या जागी जखडून ठेवत नाही, कारण मऊ पट्ट्याने धडाचे एकंदर वाकणे कमी होते, दोन मणक्यांमधली बारीक हालचाल फारशी थांबत नाही. म्हणूनच ‘मणक्यात गॅप आला आहे, पट्टा लावला की भरून येईल’ किंवा ‘गादी सरकली आहे, पट्ट्याने जागेवर बसेल’ या आपल्याकडे घरोघरी ऐकू येणाऱ्या समजुतींना काहीही आधार नाही. सरकलेल्या गादीचा त्रास पुष्कळ लोकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपसूक कमी होतो, आणि त्या काळात पट्टा कमरेला असला तर श्रेय पट्ट्याला मिळते. चुंबक बसवलेल्या पट्ट्यांसाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत, असे मी माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला सांगते.

आमच्या घरात दोन पट्टे आहेत. त्यांच्यातला फरक जवळून पाहिल्यामुळेच मी हे इतक्या ठामपणे लिहिते आहे. आईची हाडे ठिसूळ झाली आहेत. साधी पाण्याची बादली उचलताना तिच्या पाठीत कळ आली, आणि पाठ व कंबर जिथे मिळतात त्या भागातला एक मणका दबून चेपल्याचे एक्स-रेमध्ये दिसले. तिला टेलर ब्रेस देण्यात आला. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या चार्ल्स फेयेट टेलर या डॉक्टरांनी मणक्याच्या क्षयाच्या रुग्णांसाठी तो घडवला होता, आणि आजही त्याची मूळ रचना ओळखू येते. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी धातूच्या दोन उभ्या पट्ट्या जातात, खांद्यांवरून आणि काखेतून बंद येतात, आणि पोटावर रुंद आवरण असते. पुढे वाकणे रोखणे हे त्याचे मुख्य काम आहे, कारण दबलेल्या मणक्यावर पुढे वाकताना सर्वांत जास्त भार येतो. हाड जुळेपर्यंत काही आठवडे तो लावायचा आणि नंतर हळूहळू सोडायचा, असे आईला सांगितले होते. त्याबरोबर हाडांच्या ठिसूळपणाचे औषध सुरू झाले, आणि मला तेच अधिक महत्त्वाचे वाटते, कारण ते न घेता नुसता ब्रेस लावला असता तर पुढचा मणका दबायला वेळ लागला नसता.

माझा पट्टा अगदी साधा आहे. इलॅस्टिकचा, मागे आधारासाठी चार लवचिक पट्ट्या घातलेला आणि दोन्ही बाजूंनी ओढून बसवण्याचे जादा बंद असलेला. मणक्यात काही मोडलेले नाही, नस दबलेली नाही, पण तासन्‌तास उभे राहून काम झाले किंवा एसटीच्या मागच्या बाकावर बसून घाटातला प्रवास घडला, की कंबर भरून येते. तेवढ्या वेळापुरता मी पट्टा लावते आणि घरी आल्यावर काढते. आईचा ब्रेस मला दिला असता तर मी अवघडून गेले असते, आणि माझा पट्टा आईला दिला असता तर त्याचा काही उपयोग झाला नसता, कारण तिचे दुखणे ज्या जागी होते तिथपर्यंत तो पोहोचतच नाही. दोन्ही वस्तू एकाच दुकानात एकाच कपाटात ठेवलेल्या असतात, आणि नेमके म्हणूनच चिठ्ठीवर प्रकार स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. याखेरीज एक अरुंद पट्टा मिळतो, जो कमरेवर बांधायचा नसून त्याखाली, नितंबांच्या हाडांभोवती बांधायचा असतो. बाळंतपणाच्या आगेमागे किंवा इतर कारणाने माकडहाडाच्या वर, एका बाजूला असलेल्या सांध्यात दुखत असेल, तर तो उपयोगी पडू शकतो. हे दुखणे साध्या कंबरदुखीपासून वेगळे ओळखण्यासाठी कोणीतरी हाताने तपासावे लागते. ते फिजिओथेरपिस्टचे काम आहे, आणि दुकानाच्या काउंटरवर ते होणे शक्य नाही.

आता मापाविषयी. पँटचा नंबर म्हणजे पट्ट्याचे माप नव्हे. खोक्यावर मोजण्याची जागा चित्रात दाखवलेली असते, कोणी बेंबीच्या रेषेत माप घ्यायला सांगते, कोणी त्याच्या खाली, म्हणून टेप घेऊन त्याच जागी मोजावे. मला सर्वत्र दिसणारी गडबड म्हणजे पट्टा फार वर बांधलेला असतो. एल. एस. पट्ट्याची मागची खालची कड नितंबांच्या सुरुवातीपर्यंत उतरली पाहिजे आणि वरची कड बरगड्यांच्या खाली थांबली पाहिजे. आधाराच्या पट्ट्या कण्याच्या दोन्ही बाजूंना याव्यात, कण्यावर नकोत, आणि कमरेच्या खळग्यात त्या पाठीला टेकायला हव्यात. मध्ये पोकळी राहत असेल तर तो पट्टा तुमच्या बांध्याचा नाही. श्वास सोडून पोट किंचित आत घेऊन आधी मधला भाग लावावा, मग बाजूचे बंद ओढावेत, आणि शेवटी दोन बोटे आत सरकतात की नाही ते पाहावे. त्यानंतर खुर्चीवर बसून बघावे. पुढची कड जांघेत रुतली, श्वास अपुरा वाटला किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या आल्या, तर पट्टा चुकीचा आहे किंवा फार आवळला आहे. हर्निया असेल, छातीत जळजळ होत असेल किंवा दम लागत असेल, तर पोटावर दाब देण्याआधी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

साडी नेसणाऱ्या बायकांचा विचार हे पट्टे बनवणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही, याची मला मनापासून चीड येते. परकराची नाडी जिथे बांधली जाते, नेमका तिथेच पट्टा येतो. नाडीची गाठ पट्ट्याखाली दबली की तासाभरात तिथे वळ उठतो, आणि साडीवरून पट्टा बांधला तर निऱ्या सैल होऊन तो वर सरकतो. आईसाठी आम्ही शेवटी परकराला नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक लावून घेतले, आत सुती बनियन घातले आणि त्यावर ब्रेस बांधला, तेव्हा कुठे ती तो नियमित लावू लागली. तिच्या वयाच्या कितीतरी बायका पट्टा टोचतो म्हणून कपाटात ठेवून देतात आणि मग ‘लावत नाही’ म्हणून घरच्यांची बोलणी खातात. कोकणात आणि मुंबईत घामाचा प्रश्न याहून बिकट आहे. तिथे जाळीदार कापडाचा पट्टा आणि रोज बदललेले सुती अस्तर यांना पर्याय नाही, नाहीतर घामोळे आणि नायटा ठरलेलाच.

पट्ट्याने स्नायू कमकुवत होतात, अशी भीती सगळीकडे घातली जाते. थोड्या काळाच्या वापराने तसे होते, असे सिद्ध करणारा ठोस पुरावा पुढे आलेला नाही. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पट्ट्याशिवाय उठायची भीती वाटू लागते, माणूस हालचाल टाळतो, आणि जुनाट कंबरदुखीत हालचाल टाळणे हेच सर्वांत घातक असते. चालणे आणि पोट, पाठ व नितंब यांच्या स्नायूंचे शिकवून घेतलेले व्यायाम यांत खंड पडत असेल, तर उत्तम बसणारा पट्टाही अपायच करतो. झोपताना तो काढलाच पाहिजे, जोवर मोडलेल्या मणक्यासाठी किंवा शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी वेगळे सांगितलेले नाही. सोडताना आधी घरातली हलकी कामे पट्ट्याविना करावीत, मग जवळचे फिरणे, आणि लांबचा प्रवास शेवटी.

काही वेळा मात्र पट्ट्याचा विचारही करू नये. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, पायातली ताकद कमी होणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला, रुग्णालय गाठावे. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, बारीक ताप, वजन घटणे किंवा पूर्वी कर्करोग झालेला असणे, यांतही आधी तपासण्या व्हायला हव्यात. आपल्या देशात क्षयरोग अजून मोठ्या प्रमाणावर आहे आणि तो मणक्यालाही होतो. ताप आणि कंबरदुखी असणाऱ्या माणसाला नुसता पट्टा देऊन घरी पाठवणे मला अक्षम्य वाटते.

डॉक्टरांनी पट्टा लिहून दिलाच, तर चिठ्ठी हातात घेतल्यावर खुर्चीवरून उठण्याआधी प्रकार, तास आणि मुदत लिहून मागावी, आणि पुढच्या भेटीला पट्टा बरोबर आणून बांधून दाखवू, असे सांगावे. अंगाला लावलेली वस्तू बरीच दुकाने परत घेत नाहीत, म्हणून पैसे देण्याआधी तिथेच पट्टा लावून बसून, उठून, थोडे चालून बघण्याचा आग्रह धरावा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग असतो. विकत आणलेला पट्टा तिथे नेऊन बसवून मागता येतो, आणि त्याच भेटीत व्यायामही शिकून घेता येतात.