माझ्याच सर्व्हरवर मला बाहेर काढलं

काल रात्री साडेअकराला आमच्या विकीचा, म्हणजे आम्ही मिळून पानं लिहितो त्या माझ्या सर्व्हरवरच्या साइटचा, कंटेनर (सॉफ्टवेअरचं तयार गाठोडं) अपडेट केला आणि दहा मिनिटांत आमच्यापैकी एकालाही आत शिरता येईना. लॉगिनचं बटण जागेवर होतं, पण करडं पडलेलं, शेजारी इवलंसं कुलूप. त्यावर बोट ठेवलं की पाटी उघडते: "ही सुविधा आता एंटरप्राइझ आवृत्तीत. सेल्सशी संपर्क साधा."

मशीन माझं, डिस्क माझी, विजेचं बिल मी भरते. आणि आत शिरायला सेल्सची परवानगी?

दीड वर्षापूर्वी हे सॉफ्टवेअर निवडलं ते नेमकं याच बटणासाठी. आम्ही सहा जण. दर ठिकाणी नवा पासवर्ड नको म्हणून मी कीक्लोक हे लॉगिन सांभाळणारं सॉफ्टवेअर उभं केलं, एका खात्यावर सगळीकडे जाता यावं म्हणून. तेव्हा सात विकी तपासल्या होत्या. त्यातल्या चारांत एसएसओ, म्हणजे हेच एका खात्याने सगळीकडे लॉगिन, फक्त पैसे मोजणाऱ्यांना. या खोडीला 'एसएसओ टॅक्स' असं नावच पडलंय, इतकी ती जुनी आहे. हिच्यात मात्र ते फुकट होतं, वैशिष्ट्यांच्या यादीत ठळक टायपात. त्या एका ओळीवर विश्वास ठेवून मी पाच जणांना त्यांची जुनी सेवा सोडायला लावली.

रिलीझ नोट्स वाचल्या का, हे कृपा करून विचारू नका. वाचल्या होत्या. वर नवे इमोजी, गडद थीमची नवी छटा, बाजूची पट्टी आता ओढून रुंद करता येते. 'मोडणारे बदल' या मथळ्याखाली काहीही नव्हतं. आणि पार तळाशी एक ओळ: "आवृत्त्यांची रचना अधिक सुटसुटीत केली आहे." हे खोटं आहे. अर्धवट माहिती नव्हे, जाणूनबुजून सांगितलेलं खोटं. "एसएसओ काढून घेतलंय, अपडेट करू नका" असं लिहिलं असतं तर मी चडफडले असते, पण थांबले असते.

म्हटलं, जुन्या आवृत्तीवर परत जाऊ. तर नव्या आवृत्तीने सुरू होताहोताच डेटाबेसची रचना बदलून टाकलेली. जुनी आवृत्ती तो डेटाबेस बघते आणि जागच्या जागी बंद पडते. बॅकअप होता, पण आदल्या रात्री दोनचा. तो परत बसवला तर दोघींनी अख्खा रविवार खपून भरलेली चाळीसेक पानं जाणार. अपडेटच्या आधी हाताने डेटाबेसचा एक डम्प (पूर्ण नक्कल) घ्यायला दोन मिनिटं पुरली असती. मी तो घेतला नाही. ही चूक माझी, आणि सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी त्या दोघींना फोन करून ते सांगितलं. पण माझ्या चुकीने त्यांचं खोटं खरं होत नाही.

ॲडमिनचा पासवर्ड कमांडने बदलून मी एकटी आत शिरले. बाकी पाच जणांच्या खात्यांना पासवर्डच नाहीत, कारण ती एसएसओने बनलेली. नवा पासवर्ड मागवायचा तर मेल जायला हवी. आणि स्वतःच्या सर्व्हरवरून मेल पाठवणं हे काय दुखणं आहे ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. मेल खरी आहे हे पटवायचे सगळे सोपस्कार केले: एसपीएफ झालं, डीकेआयएम झालं, डीमार्क झालं, रिव्हर्स डीएनएस झालं, तरी मेल स्पॅममध्ये. त्या भागात मी कधीच हरले होते, म्हणून या विकीला मेल जोडलीच नव्हती.

मग रात्री साडेबाराला तो सेल्सचा फॉर्म भरायला बसले. किमतीचा आकडा कुठेच नाही, नुसता फॉर्म. कंपनीचं नाव सक्तीचं. आमची कंपनी नाही. हुद्दा सक्तीचा, आणि यादीत 'संचालक', 'आयटी व्यवस्थापक', 'खरेदी विभाग'. फोन नंबर सक्तीचा. फुकट मेलसेवेचा पत्ता टाकला तर लाल अक्षरं: "कृपया व्यावसायिक ईमेल वापरा." स्वतःच्या डोमेनचा पत्ता टाकला, तो घेतला. म्हणजे आता त्यांच्याशी बोलणं होणार ते नेमक्या त्याच पत्त्यावरून, जिथून निघालेली माझी मेल अर्ध्या जगात स्पॅममध्ये पडते. शेवटी एक रकाना: "तुमच्या गरजा थोडक्यात सांगा." मी लिहिलं: "काल जे चालत होतं ते."

आणि हा प्रकार काही एका विकीचा नाही. शोधाचं इंजिन असलेल्या इलॅस्टिकसर्चने 2021 मध्ये लायसन्स बदलून कोड वापरण्यावर बंधनं आणली, सर्व्हर उभारून देणाऱ्या टेराफॉर्मने ऑगस्ट 2023 मध्ये, डेटा साठवणाऱ्या रेडिसने मार्च 2024 मध्ये. 2025 मध्ये फाइली साठवणाऱ्या मिनिओच्या कम्युनिटी (फुकट) आवृत्तीतून ॲडमिनचं वेब कन्सोल जवळजवळ सगळं खरवडून काढलं. दरवेळी तीच भाषा: 'टिकाऊ मॉडेल', 'लक्ष केंद्रित करणं'. रेडिस मे 2025 मध्ये एजीपीएल हे खुलं लायसन्स घेऊन परत आलं, पण तोवर लोक त्याच्याच कोडवरून निघालेल्या व्हाल्कीकडे निघून गेले होते. एकदा दार लावून घेतल्यावर लोक उंबऱ्यावर ताटकळत बसत नाहीत.

"मग फोर्क करा की." म्हणजे कोड उचलून स्वतःची वेगळी आवृत्ती काढा. हे वाक्य उच्चारणाऱ्या माणसाने आयुष्यात एक तरी फोर्क वर्षभर सांभाळून दाखवावा. व्हाल्की जगलं कारण लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेने छत दिलं आणि मोठ्या कंपन्यांचे पगारी इंजिनियर त्यात उतरले. घरचे चित्रपट-गाणी लावायचं जेलिफिन डिसेंबर 2018 मध्ये एम्बीपासून वेगळं झालं, ते माणसांनी वर्षानुवर्षं आपला फावला वेळ ओतला म्हणून उभं आहे. आमच्या विकीच्या फोर्कला कोण वेळ देणार? मी, रात्री एक वाजता?

माझा खरा राग आहे तो स्वतःच्या सर्व्हरवर चालवायची सॉफ्टवेअरं सुचवणाऱ्या इंटरनेटवरच्या त्या याद्यांवर. "अमुक सेवेला दहा सेल्फ-होस्टेड पर्याय." डावीकडे नाव, पुढे हिरव्या खुणांची रांग: मोबाइल ॲप आहे, गडद थीम आहे, डॉकर आहे. जो एक रकाना मला वाचवू शकला असता तो एकाही यादीत नाही: कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाकडून कंपनी आधीच करारावर सही घेते का, की या कोडचं लायसन्स पुढे आम्ही हवं तसं बदलू? तशी सही घेत असतील तर वर एजीपीएल लिहिलेलं असो नाहीतर आणखी काही, एक दिवस ते फिरवता येतं. फाइली साठवायचं नेक्स्टक्लाउड 2016 मध्ये ओनक्लाउडपासून वेगळं झालं आणि असा करार मागत नाही. तिथला कोड हजारो हातांचा, सगळ्यांना विचारल्याशिवाय लायसन्स बदलता येणार नाही. कोड ठेवायचं फोर्जेजो कोडबर्ग या नोंदणीकृत संस्थेच्या छताखाली आहे, कंपनीच्या नाही. निवडताना हे बघायचं असतं. हे मला कळायला दीड वर्ष आणि एक रविवार गेला.

आणि सर्व्हर मांडायला शिकवणाऱ्या लेखांतलं ते "फक्त पाच मिनिटांत"! एक फाइल उतरवा, एक कमांड द्या, झालं. त्या फाइलीत सॉफ्टवेअरच्या इमेजपुढे 'लेटेस्ट' (जी सर्वात नवी ती) लिहिलेलं असतं, आणि सहा महिन्यांनी पोस्टग्रेस या डेटाबेसची मोठी आवृत्ती आपोआप बदलून तो जुना डेटा उघडायलाच नकार देतो. नेक्स्टक्लाउडमध्ये मधली मोठी आवृत्ती गाळून पुढे उडी मारता येत नाही, एकेक पायरी चढावी लागते. इंटरनेट देणाऱ्याने सीजीनॅटमागे (एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटायची सोय) टाकलेलं असलं तर राउटरवर पोर्ट उघडून काही होत नाही, बाहेरून आत यायला बोगदाच खणावा लागतो. नोंदी लिहायच्या साध्या ॲपला पोस्टग्रेस हवं, रेडिस हवं, शोधासाठी आणखी एक इंजिन हवं. पाच मिनिटं लागतात ती पहिलं पान दिसायला. पुढची तीन वर्षं कोण सांगणार?

पलीकडच्या बाजूचेही तितकेच डोक्यात जातात. "एवढा त्रास कशाला, तयार सेवा वापरा." तयार सेवा? गूगल रीडर 1 जुलै 2013 ला बंद. पॉकेट 8 जुलै 2025 ला बंद. एव्हरनोटने डिसेंबर 2023 मध्ये फुकट खात्याला पन्नास नोंदींची मर्यादा घातली. स्लॅकच्या फुकट आवृत्तीत सप्टेंबर 2022 पासून नव्वद दिवसांपलीकडचं बोलणं दिसत नाही. मी स्वतःचा सर्व्हर मांडला तो हौस म्हणून नाही. माझं लिहिलेलं दुसऱ्याच्या मर्जीवर राहू नये, एवढंच मला हवं होतं. आजही तेच हवंय, आणि त्यासाठी मी पुन्हा तितकेच दिवस घालवीन.

पहाटे तीनपर्यंत डेटाबेसमधून रविवारची पानं उपसत होते. मजकूर साध्या फाइलीत नाही, लिहायच्या खिडकीच्या स्वतःच्या जेसनमध्ये (डेटाची सांकेतिक मांडणी), एकेक परिच्छेद वेगळ्या कप्प्यात. तक्ते तुटले, चित्रांचे दुवे तुटले, पण शब्द मिळाले. सगळे मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुराच्या फाइली) उतरवले आणि गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) टाकले. त्या दोघी आज संध्याकाळी तक्ते पुन्हा बसवणार आहेत, मी शेजारी बसणार आहे. नवी विकी निवडेपर्यंत आम्ही त्या फाइलींवरच काम करू. निवडताना पहिल्या दिवशी सगळा मजकूर बाहेर काढून कोऱ्या मशीनवर परत चढवून बघणार, आणि तोवर कुणालाही तिथे यायला सांगणार नाही.

सेल्सचं उत्तर सकाळी दहाला आलं. किमान पंचवीस जागा (माणशी एक खातं) घ्याव्या लागतील, आणि त्याआधी अर्ध्या तासाचा कॉल. त्यात माझ्या शेवटच्या रकान्यातल्या ओळीचा उल्लेखही नाही.