‘शुद्ध’ ध्वनिमुद्रणाची दंतकथा

एकच मजकूर गेल्या काही महिन्यांत मला चार वेगवेगळ्या माणसांकडून आला. चौघंही गाण्याचे दर्दी, त्यामुळे दुर्लक्ष करणं जड गेलं. मजकुराचा सारांश असा: पूर्वी तबकडीवर गायकाचा खरा आवाज उतरायचा. एका दमात गायचे, काटछाट नाही, यंत्राची मदत नाही. मग कॉम्प्युटर आला, गळा नसलेलेही गायक झाले, मोबाइलमुळे गाणी तीन मिनिटांवर आली, डिजिटलनं आवाजाचे तुकडे केले आणि माणसं स्वतः गायचीच विसरली. शेवटी एक क्लिप जोडलेली: ‘जगातला पहिला मुद्रित आवाज, खुद्द एडिसन, १८७७’.

लिहिणाऱ्याचं जुन्या गाण्यांवरचं प्रेम खरं आहे. मीही ती खरखर तासन्‌तास ऐकत बसतो. पण त्या खरखरीच्या पलीकडे खोलीत काय चाललं होतं, ते एकदा पाहायला हवं.

‘जसं गायलं तसंच उतरलं’ हा पहिला दावा. सगळ्यात मोठी गफलत इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबतो. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणात माइक नव्हता. पत्र्याचा मोठा कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई आणि सुईखाली फिरणारं मेण. आवाज वाढवून घ्यायची काहीही सोय नाही. गळ्यात किंवा वाद्यात जेवढा जोर, तेवढ्यावरच मेणात खाच पडणार. हा कर्णा ढोबळमानानं दोन-अडीचशे ते दोन-अडीच हजार हर्ट्झपर्यंतचाच (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) आवाज धड पकडायचा. पियानोचा सगळ्यात खालचा स्वर साडेसत्तावीस हर्ट्झचा असतो, यावरून काय काय गळून पडत असेल याचा अंदाज करा.

मग संगीतकारांनी काय केलं? यंत्राला जे ऐकू येतं ते वाजवलं. डबल बेस या मोठ्या तंतुवाद्याचा खर्ज उतरत नाही म्हणून त्या जागी ट्यूबा हे पितळी फुंकवाद्य बसवलं. व्हायोलिन क्षीण म्हणून लाकडी पेटी काढून तिला पत्र्याचा कर्णा जोडलेलं ‘स्ट्रो व्हायोलिन’ आलं. ऑगस्टस स्ट्रोचं त्यावरचं पेटंट १८९९ चं आहे. मोठ्या ढोलाच्या दणक्यानं सुई उडायची, तेव्हा ढोल पुष्कळदा बाहेरच. फ्रेंच हॉर्नचं तोंड मागे असतं, म्हणून ते वाजवणारे कर्ण्याकडे पाठ करून बसायचे आणि संचालकाचे हात आरशात बघायचे. गायकाचं तर विचारूच नका. मंद्र सप्तकात तोंड कर्ण्यात खुपसायचं आणि तारस्वर आला की झटकन मागे सरायचं, नाहीतर आवाज फाटला. काही ठिकाणी गायकाला दंडाला धरून पुढे-मागे करायला माणूस उभा असे. आजचा ध्वनिमुद्रक जे काम बोटानं करतो, ते तेव्हा दंड धरून होत होतं, एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. ज्यांना आपण सरसकट ‘७८ च्या रेकॉर्डी’ म्हणतो, त्यातल्या सुरुवातीच्या कित्येक तबकड्या मिनिटाला बरोबर ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्याच नाहीत. कुठे ७४, कुठे ८० च्या वर. ७४ ची तबकडी ७८ नं फिरवली तर पट्टी जवळजवळ एका अर्धस्वरानं चढते आणि लयही वाढते. अमक्या गायकाचा आवाज किती कोवळा होता म्हणून आपण ज्याच्यावर जीव टाकतो, तो कोवळेपणा कधीकधी मोटरचा असतो.

‘एका दमात, काटछाट नाही’ यात निम्मं सत्य आहे आणि ते मान्य करायला हवं. मेणावर चूक झाली की ते मेण वाया जायचं, मधला तुकडा बदलता यायचा नाही. पण तेवढ्यावरून कलावंतांना जोडकामाचा तिटकारा होता असं ठरत नाही. साधन नव्हतं, इतकंच. सिडनी बेशे या अमेरिकन जॅझवादकानं १९४१ मध्ये, चुंबकीय फीत स्टुडिओत यायच्या आधीच, एक गाणं सहा वाद्यांवर एकट्यानं वाजवलं: आधी एक वाद्य मुद्रित केलं, ते वाजवत त्यावर दुसरं, मग तिसरं. नुसत्या तबकड्यांवर! जॅझच्या अस्सलपणाची शपथ ज्याच्या नावानं घ्यावी, असा तो माणूस.

फीत आल्यावर तर विचारायलाच नको. १९५२ मध्ये लंडनला फुर्टव्हेंगलरच्या संचालनाखाली वागनरच्या ‘ट्रिस्टान उंड इझोल्ड’चं ध्वनिमुद्रण झालं. आजही ते त्या ऑपेराच्या सर्वोत्तम मुद्रणांत गणलं जातं. इझोल्ड गायली कर्स्टन फ्लागस्टाड, तेव्हा ५६ वर्षांची. तिचे सगळ्यात वरचे दोन स्वर मात्र एलिझाबेथ श्वार्त्सकोफ या दुसऱ्या गायिकेनं लावून दिले. गोष्ट पुढे बाहेर फुटली आणि गहजब झाला. पण ती फुटेपर्यंत जाणकारांना सांधा ऐकू आला होता का? पियानोवादक ग्लेन गूल्ड तर लपवायच्याही भानगडीत पडला नाही. १९६४ नंतर त्यानं मैफली कायमच्या सोडल्या आणि बाखच्या एका फ्यूगमध्ये (एकच धून अनेक सुरावटींत गुंफणारी रचना) दोन वेगवेगळ्या टेकचे, म्हणजे वेगवेगळ्या वेळी मुद्रित केलेल्या वादनांचे, तुकडे कसे जोडले ते स्वतः लिहून सांगितलं. एकटा कुठलाही टेक त्याला पुरेसा वाटत नव्हता. बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’मध्ये दोन टेक जोडलेत ते चक्क वेगळ्या पट्टीतले आणि वेगळ्या लयीतले. एकाचा वेग चढवला, दुसऱ्याचा उतरवला, कात्री लावली. हे १९६६ सालचं. मजकुरातला ‘सोनेरी काळ’ तो हाच ना?

पुढचा दावा गळा नसलेल्यांचा. बेसूर आवाज सुरात आणणारं ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर १९९७ मध्ये आलं. ते बनवणारा अँडी हिल्डेब्रँड आधी भूगर्भात तेल कुठे आहे ते ध्वनिलहरींवरून शोधण्याचं गणित करायचा. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’मध्ये ते मुद्दाम ऐकू येईल असं वापरलं गेलं. आज ते सरसकट वापरलं जातं आणि त्यामुळे पुष्कळ गाणी इस्त्री केल्यासारखी सपाट वाटतात, ही तक्रार माझीही आहे. पण अशीच तक्रार माइकबद्दलही झाली होती. विजेवरचं मुद्रण आल्यावर गायकाला सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची गरज उरली नाही. कानाशी कुजबुजल्यासारखं गाता येऊ लागलं. अमेरिकन गायक बिंग क्रॉस्बी त्यातला बिनीचा. जुन्या तालमीच्या लोकांना हे गाणंच वाटेना. १९३२ मध्ये बॉस्टनचे बडे कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल ओकॉनेल यांनी या गुणगुणणाऱ्यांवर जाहीर आगपाखड केली. त्यांच्या लेखी ते नीतिभ्रष्ट होतं. आज क्रॉस्बीच्या तबकड्या ‘नैसर्गिक आवाजाचा जमाना’ म्हणून ऐकवल्या जातात. माइक काढून घेतला तर तो आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचला नसता.

गाणी मोबाइलमुळे तीन मिनिटांची झाली म्हणे. हे मात्र वाचून हसू आलं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावायची, बारा इंचीवर चार-साडेचार. हा साचा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्गनं नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहरजानचं मुद्रण केलं तेव्हा, जी चीज मैफलीत रंगत रंगत कितीही वेळ चालावी, ती तिनं त्या तीन मिनिटांत बसवली, वर शेवटी इंग्रजीत आपलं नावही सांगितलं. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवणं ही नवीच विद्या होती आणि ती तिला साधली. स्त्राविन्स्कीनं १९२५ मध्ये पियानोसाठी ‘सेरेनेड’ रचली, तिचे चार भाग प्रत्येकी तबकडीच्या एकेका बाजूत मावतील असे बेतून. म्हणजे यंत्राच्या मापानं रचना कापणं हे कुणा बाजारू माणसाचं पाप नव्हे. विसाव्या शतकातला एक अव्वल रचनाकार ते राजीखुशीनं करत होता. लांब गाण्याला मोकळीक मिळाली ती १९४८ मध्ये एलपी, म्हणजे सावकाश फिरणारी लांब तबकडी, आल्यावर, म्हणजे पुन्हा यंत्रामुळेच.

आजच्या काळाचा दोष नाहीच असं मी म्हणत नाही. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद ऐकलं गेलं तरच ते ‘वाजलं’ असं मोजतात. तेव्हा श्रोता निसटायच्या आत गळा ऐकवायची घाई होणारच, आणि सुरुवातीचे वाद्यांचे तुकडे आखूड झालेत ते कानाला कळतंच.

तबकडीत अखंड लहर आणि डिजिटलमध्ये पायऱ्या, हा दावा चित्रासकट फिरतो: एकीकडे गुळगुळीत वक्ररेषा, दुसरीकडे जिना. चित्र चूक आहे. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे लहरीची मोजमापं, असतात. लहरीतल्या सर्वांत वरच्या कंपनसंख्येच्या दुपटीपेक्षा जास्त नमुने घेतले, तर त्यांतून मूळ लहर पुन्हा पूर्ण उभी करता येते. जिना उरत नाही, बाहेर येते ती गुळगुळीतच लहर. माणसाचा कान २०,००० हर्ट्झच्या पुढे जात नाही, तेव्हा दुप्पट होऊन वर शिल्लक राहतं. मोजमापाच्या गोळाबेरजेनं थोडा सुरसुराट येतो, पण तबकडीच्या खरखरीपुढे तो काहीच नाही.

आणि तबकडीवर तरी आवाज जसाच्या तसा कुठे कोरतात? खर्ज पूर्ण ताकदीनं कोरला तर खाच इतकी डोलेल की शेजारच्या खाचेत शिरेल. म्हणून कोरताना ५० हर्ट्झच्या आसपास आवाज सुमारे १७ डेसिबलनं दाबतात, वरचे स्वर फुगवतात, आणि वाजवताना अॅम्प्लिफायर याच्या नेमकं उलट करून हिशेब जुळवतो. शिवाय एलपीच्या बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सुईखालून जाते, लेबलजवळ जेमतेम २०-२२. प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं पहिल्यापेक्षा किंचित मळकट वाजतं ते त्यामुळे. २०२२ मध्ये तर ‘निव्वळ अॅनालॉग’, म्हणजे डिजिटलचा स्पर्शही नसलेल्या, म्हणून महागड्या तबकड्या विकणाऱ्या एका नामांकित अमेरिकन कंपनीला मधे डिजिटल टप्पा असल्याचं कबूल करावं लागलं. कित्येक वर्षं कानसेनांना पत्ता नव्हता. तबकडी आवडते म्हणून ऐका, मीही ऐकतो. पण ती आवडायची कारणं शुद्धतेत नाहीत.

माणसं गायची विसरली, हा एकच दावा मला पूर्ण खोडता येत नाही. जॉन फिलिप सूझा या बँडमास्तरानं १९०६ मध्ये अमेरिकन काँग्रेसपुढे हेच सांगितलं: ही बोलकी यंत्रं आली की माकडाच्या शेपटीसारखे माणसाचे स्वरतंतूही झडून जातील. ‘डबाबंद संगीत’ हा शब्दही त्याचाच. (त्याच्या बँडच्या तबकड्या तेव्हा धडाक्यात खपत होत्या. मुद्रणाला तो स्वतः क्वचितच उभा राहायचा, पण पैसे नाकारल्याचं ऐकिवात नाही.) घरी चार माणसांनी जमून वाजवणं कमी झालं, हे त्याचं बरोबर निघालं. पण याच काळात हंगेरीचा संगीतकार बेला बार्टोक मेणाची नळकांडी घेऊन खेडोपाडी हिंडत होता. त्याला कळलं होतं की खेडुतांच्या गळ्यातली मुरड आणि लयीतली ओढ स्वरलेखनात पकडता येत नाही, मेणात येते. आणि पुढे जॅझमध्ये नाव काढलेला बिक्स बायडरबेकसारखा मुलगा घरच्या ग्रामोफोनचा वेग कमी करून तबकडीवरची कॉर्नेटची (ट्रंपेटसारखं फुंकवाद्य) एकेक जागा शिकत होता. गुरू कधी भेटलेलाच नाही, अशी ती तालीम. किती गमावलं आणि किती कमावलं याचा ताळा मला मांडता येत नाही, मजकूरकर्त्यालाही येणार नाही.

राहिली ती क्लिप. आवाज एडिसनचाच, पण साल चूक. १८७७ मध्ये त्यानं कथलाच्या पातळ पत्र्यावर ‘मेरी हॅड अ लिटल लँब’ म्हटलं, तो पत्रा टिकलाच नाही. फिरतो तो तुकडा त्याच्या या यंत्राला, फोनोग्राफला, ५० वर्षं झाल्यानिमित्त १९२७ मध्ये त्यानं पुन्हा म्हणून दाखवल्याचा. शिवाय १८७८ मध्ये एडिसननं यंत्राच्या उपयोगांची जी यादी छापली, तिच्यात पत्रं सांगून लिहवणं पहिलं होतं, संगीत चौथं.

आणि पहिला आवाज तर त्याचा नव्हेच. पॅरिसमधल्या एदुआर-लेओं स्कॉट द मार्तेंव्हिलनं १८५७ मध्येच एका यंत्राचं पेटंट घेतलं होतं. काजळी धरलेल्या कागदावर त्यातला केस आवाजाची रेघ ओढायचा. परत ऐकायचा विचारच त्यात नव्हता. रेघ डोळ्यांनी वाचायची, अशी त्याची कल्पना. ९ एप्रिल १८६० रोजी त्यानं एका फ्रेंच लोकगीताची ओळ अशी कागदावर घेतली, शेजारी वेग कळावा म्हणून स्वरकाट्याची (ठरावीक कंपनांनी वाजणारा धातूचा चिमटा) रेघ. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी कॉम्प्युटरवर त्या रेघेतून आवाज काढला, तेव्हा एखादी मुलगी गात असावी असं वाटलं आणि जगभर तसंच छापून आलं. वर्षभरानं चूक सापडली. स्वरकाट्याची ५०० कंपनं लिहिली होती, पण त्या काळी फ्रान्समध्ये एका पूर्ण हेलकाव्याची जाणं आणि येणं अशी दोन कंपनं मोजत. वेग दुप्पट झाला होता. निम्मा केल्यावर ऐकू आला एक पुरुष, सावकाश, अडखळत गाणारा, बहुधा स्कॉट स्वतःच.