फरशी उलटी करून पाहायला हवी होती

नमस्कार. लिस्बनच्या जुन्या बाजारावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया चांगलीच झोंबली. ‘बाजाराचं नावच चोर बाजार. तिथून कुणाच्या तरी भिंतीवरून उचकटलेली फरशी बारा युरोला आणायची आणि वर हातावर पोट असलेल्या माणसाशी घासाघीस केल्याची फुशारकी मारायची. आपल्या वाड्यांचे खांब परदेशी पाहुण्यांनी असे नेले तर चालेल का?’ असं तुम्ही विचारलंत. ‘मताचा आदर आहे’ म्हणून सुटता आलं असतं. पण तुमचं निम्मं बरोबर आहे, आणि कुठलं निम्मं ते सांगायला हवं.

आधी नावाचं. ‘फेइरा द लाद्रा’ या बाजाराच्या नावातली ‘लाद्रा’ म्हणजे चोरटी बाई, हे खरंच. पण जुन्या सामानातल्या ‘लाद्रु’ नावाच्या किड्यावरून ते नाव पडलं, असंही सांगतात. पॅरिसमध्ये तर अशा बाजाराला सरळ पिसवांचा बाजारच म्हणतात. मुंबईचा चोर बाजार मुळात ‘शोर बाजार’ होता असं सांगणारे आपल्याकडेही भेटतात. नावावरून माल ठरवायचा, तर पुण्याच्या जुन्या बाजारात निम्मी हत्यारं कोरी करकरीत असतात, त्यांचं काय करायचं?

हा बाजार १८८२ पासून सांता क्लारा मैदानात भरतो. मंगळवारी आणि शनिवारी. (आपला पुण्याचा बुधवारी आणि रविवारी.) पँथिऑनच्या, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय स्मारकाच्या, पांढऱ्या घुमटाखाली उतारावर पथाऱ्या टाकलेल्या असतात: चादरीवर चष्मे, चमचे, रेडिओचे खोके, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो. यातलं बरंचसं चोरीचं नसतं. म्हातारं माणूस गेलं की पोरं घर रिकामं करतात, आणि घाऊक उचललेलं सामान इथे येतं.

पण इथे तुम्हाला आणखी एक काठी देते, मला मारायला. २०१२ मध्ये तिथला भाडेकायदा सैल झाला, भाडेकरूंना काढणं सोपं झालं. पुढे जुन्या वस्त्यांमधले कितीतरी भाडेकरू गेले आणि त्या घरांचे पर्यटकांसाठी फ्लॅट झाले. मी आठ दिवस अशाच एका फ्लॅटमध्ये राहिले. म्हणजे ज्या स्वयंपाकघरात मी चहा केला, तिथलेच चमचे खाली पथारीवर असतील, नाही असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. कॉफी दळायचं लाकडी यंत्र मी घेतलं, ते अशाच कुठल्यातरी घरातलं. ते घर रिकामं झाल्याचं मला वाईट वाटतं, पण यंत्र घेतल्याचं वाटत नाही. मी नसतं घेतलं तर ते भंगारात गेलं असतं.

फरशीची गोष्ट वेगळी. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी ती कपाटातून काढली आणि पहिल्यांदा उलटी करून नीट पाहिली. बाजारात मी पुढची बाजूच पाहिली होती: पांढऱ्यावर निळी वेल, कोपऱ्यात पिवळ्या फुलाचा पाव भाग. साधारण चौदा सेंटिमीटरचा चौकोन. चार फरशा जुळवल्या की फूल पुरं होतं, म्हणजे हिच्या तीन जोडीदारणी कुठेतरी आहेत. मागच्या बाजूला चुन्याचा बोटभर जाड थर. ठीक आहे, जुनी फरशी म्हटल्यावर चुना असणारच. पण एका कडेला टवका उडालाय, आणि तिथली माती अगदी स्वच्छ, बिस्किटाच्या रंगाची. जुनी तूट मळते, काळी पडते. ही ताजी आहे. पटाशी घातल्याची खूण, दुसरं काय?

२०१७ पासून पोर्तुगालमध्ये इमारतीच्या दर्शनी भिंतीवरच्या फरशा परवानगीशिवाय काढायला कायद्याने बंदी आहे. त्याच्याही आधी, २००७ मध्ये, तिथल्या पोलिसांच्या संग्रहालयाने ‘एसओएस अझुलेजो’ (अझुलेजो म्हणजे या रंगीत फरशा) नावाची मोहीम सुरू केली, कारण चोरी तितकी बोकाळली होती. हे सगळं मला आत्ता, तुमच्यामुळे वाचावं लागलं. चोरीला गेलेल्या फरशांचे फोटोही ते लोक प्रसिद्ध करतात. दोन संध्याकाळी पाहत बसले. माझी सापडली नाही. संतांचं चित्र असलेलं अख्खं पॅनेल ओळखता येईल, पण नक्षीची फरशी एकेका भिंतीवर शेकड्यांनी असते. चोराला तेच सोयीचं. एक-एक करून विकायची, आणि घ्यायला माझ्यासारख्या बायका असतातच, ज्यांनी लेखात लिहिलंय की ‘फरशी सुटकेसमध्ये सपाट बसते, नक्की घ्या’.

ते वाक्य मी काढलंय. त्या जागी, खाली तारीख घालून, लिहिलंय की फरशी हवी असेल तर नवी घ्यावी. जुन्या नक्षीच्या हाताने रंगवलेल्या नव्या फरशा तिथे मिळतात. जुनीच हवी असेल तर पावती देणाऱ्या, कुठल्या इमारतीतली ते सांगणाऱ्या दुकानातून. पथारीवरची नको.

घासाघिशीबद्दल मात्र माफी मागणार नाही. विकणाऱ्याने पंधरा युरो सांगितले, मी आपल्या सवयीने सात म्हटलं. तो काही बोलला नाही, फरशी वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला ठेवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. बारावर मीच आले. यात कुणी कुणाला लुबाडलं?

राहिले वाड्यांचे खांब. शंभर वर्षांवरची पुरावस्तू देशाबाहेर न्यायला १९७२ च्या कायद्याने मनाई आहे, म्हणून परदेशी पाहुण्याची भीती त्या मानाने कमी. पण पेठेतला वाडा पडला की खांब, तुळया, दिंडी दरवाजा जुन्या लाकडाच्या वखारीत जातात आणि तिथून कुणाच्या तरी फार्महाउसवर. नेणारे आपलेच असतात. माझ्या मावसभावाच्या हॉलमध्ये असा एक खांब आहे, तळाशी जोत्याच्या चुन्यासकट. गेल्या दिवाळीत मी त्याला टेकून फोटो काढून घेतला होता. कुठल्या वाड्याचा, ते विचारायचं मला सुचलंही नाही. आज फोन केला. तो म्हणाला, ‘वखारवाल्याला विचारावं लागेल. का गं?’