जर्मनची होडी आणि रविवारी पाण्यात उतरवायची घाई

मे महिना लागला, तळ्यांवरचा बर्फ गेला, की मिनेसोटातल्या आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरायला लागतो. यंदा मला तो पाच जणांनी पाठवला. त्यातल्या दोघांकडे होडीच नाही. मजकूर थोडक्यात असा: ‘अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, त्यामुळे होडी रंगवायला फारशी तयारी लागत नाही. कॉस्टिकच्या पाण्याने धुवा, तारेच्या ब्रशने घासा, रेड ऑक्साइडचा एक हात द्या, वर ऑइल पेंटचे दोन हात. तळाला तांब्याचा रंग लावलात तर शेवाळ धरणार नाही. शनिवारी रंगवा, रविवारी पाण्यात.’

माझी होडी जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, १४ फुटी, पत्रे रिवेटांनी जोडलेली, सत्तरच्या दशकातली. आधीच्या मालकाने ती बहुतेक याच पद्धतीने रंगवली असावी, कारण मी घेतली तेव्हा नाळेजवळचा, म्हणजे पुढच्या टोकाकडचा, रंग नुसत्या नखाने कांद्याच्या पापुद्र्यासारखा निघत होता. म्हणून हे लिहितोय.

‘गंजत नाही’ हे अर्धं खरं. लोखंडासारखा तांबडा गंज याला चढत नाही. हवा लागताच पत्र्यावर ऑक्साइडचा थर धरतो, केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ, आणि तोच खालच्या धातूला सांभाळतो. होड्यांसाठी वापरतात ते ५०५२ किंवा ५०८६ जातीचे मॅग्नेशियमयुक्त पत्रे बिनरंगाचे वर्षानुवर्षं टिकतात; कितीतरी कामाच्या बोटी रंगवतच नाहीत. मग निष्कर्ष उलटा निघतो. रंग लावलाच नाही तरी चालेल, पण वाईट लावला तर नुकसान. सुटलेल्या पापुद्र्याखाली ओल कोंडते, हवा पोचत नाही, आणि तिथेच पांढरी भुकटी धरून पत्र्याला खड्डे पडतात. माझ्या होडीत हे खड्डे उघड्या पत्र्यावर एकही नव्हते. सगळे रंगाखाली, आणि तळाच्या प्लायवूडखाली. (ते प्लायवूड कीड लागू नये म्हणून तांब्याचे क्षार मुरवलेलं होतं. अंगणातल्या लाकडी ओट्याला उत्तम, अ‍ॅल्युमिनियमला टेकवायला अजिबात नाही.)

कॉस्टिकबद्दल तर आपल्या आज्यांना विचारलं असतं तरी पुरलं असतं. जर्मनचं पातेलं धुण्याच्या सोड्यात भिजवलं की काळं पडतं, हे त्यांना रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होतं. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो, आणि खाताना हायड्रोजन वायू सोडतो. ते बुडबुडे म्हणजे मळ निघतोय असं लोकांना वाटतं. निघत असतो तो पत्रा. जुना रंग काढायच्या काही द्रावणांतही हाच सोडा असतो, तेव्हा डब्यावर ‘अ‍ॅल्युमिनियमला चालेल’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. आणि होडी चकचकीत करून देणारी काही आम्लं मिळतात, त्यांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असू शकतं. ते कातडीतून आत जातं आणि दुखायला कधीकधी काही तासांनी लागतं. पैसे देऊन आणायची ती वस्तू नव्हे. भांडी घासायचा साधा साबण, भरपूर पाणी, मग थिनरची चिंधी. तीही दर दोन हातांवर पालटायची, नाहीतर तेल पुसलं जात नाही, पसरतं.

क्रमही महत्त्वाचा आहे, आणि मजकुरात नेमका तोच नाही. आधी तेल काढायचं, मग घासायचं. उलट केलंत तर घासताना पडलेल्या चरांमध्ये तुम्हीच तेल भरता. तारेचा ब्रश साध्या पोलादाचा असेल तर त्याचे बारीक कण मऊ पत्र्यात रुततात आणि पहिल्याच पावसात तिथे तांबडे ठिपके उमटतात. मग म्हणायचं, अ‍ॅल्युमिनियम गंजलं! ८० ते १२० नंबरचा पॉलिशपेपर घ्या, रिवेटांभोवती भांडी घासायच्या हिरव्या घासणीसारखं पॅड. होडी जुनी असेल तर आधीच्या रंगात शिसं असू शकतं. ओलं करून घासा आणि चांगला मास्क लावा.

तयारी झाली की नाही हे ओळखायची एक फुकटची खूण आहे. पत्र्यावर साधं पाणी मारा आणि बघत राहा. पाण्याची सलग चादर पसरून तशीच राहिली तर पत्रा स्वच्छ. कुठे मध्येच ती फाटली, मणी जमले, अळूच्या पानावर जमतात तसे, तर तिथे तेल आहे. माझ्या होडीवर एका जागी तीनदा मणी जमले. तळहाताएवढा डाग. चौथ्यांदा लक्षात आलं की वाकून घासताना मी दर वेळी तिथेच हात टेकवतोय. तेव्हापासून हातमोजे.

पत्रा उघडा झाला की घड्याळ चालू होतं. ऑक्साइड पुन्हा धरतो, दमट हवेत तर जास्तच, म्हणून प्राइमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, त्याच दिवशी, शक्यतो काही तासांत. हा प्राइमर रेड ऑक्साइड नव्हे. तो लोखंडासाठी, या गुळगुळीत पत्र्याला तो नीट धरत नाही. त्याहून वाईट म्हणजे कुणाच्या गॅरेजमधला जुना शेंदरी डबा. त्या जुन्या प्राइमरमध्ये खरोखर शेंदूर, म्हणजे शिशाचा ऑक्साइड असायचा. पोलादी जहाजांवर त्याने चांगलं काम केलं. अ‍ॅल्युमिनियमवर तो घातकच. इथे लागतो ‘एच’ (etch) प्राइमर. त्यातलं फॉस्फोरिक आम्ल पत्र्याला किंचित चावतं आणि पकड तयार करतं. याचा हात इतका पातळ द्यायचा की खालचा पत्रा दिसत राहावा. जाड दिला की पकड वाढण्याऐवजी जाते, ही गोष्ट गळी उतरवायला मला स्वतःला एक डबा वाया घालवावा लागला. पाण्यात बुडणाऱ्या भागावर त्याच्यावर दोन घटक मिसळून लावायचं इपॉक्सी हवं. मात्र काही इपॉक्सी एच प्राइमरवर चालत नाहीत, त्यामुळे प्राइमर आणि इपॉक्सी एकाच कंपनीचे घेऊन, कशावर काय चालतं हा त्यांचा तक्ता पाळणं बरं.

आता तांबं. माझा खरा राग इथे आहे, कारण बाकीच्या चुकांनी रंग जातो, या चुकीने होडी जाते. तांब्याचा रंग लाकडी होडीच्या तळाला पिढ्यान्‌पिढ्या लावतात आणि ते बरोबरच आहे. पण तो काम कसा करतो? त्यातलं तांबं हळूहळू पाण्यात सुटतं, त्यामुळे शेवाळ नि शिंपले धरत नाहीत. म्हणजे सुटणं हाच त्याचा धर्म. सुटलेलं तांबं जवळच्या उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर बसतं. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी, झाली बॅटरी. झिजतं नेहमी अ‍ॅल्युमिनियम. खाऱ्या पाण्यात हे वेगाने, गोड्या पाण्यात सावकाश. ‘खाली प्राइमर आहे की’ असं उत्तर मिळतं. आहे, पण ट्रेलरवर चढवताना पहिला ओरखडा पडेपर्यंत. होडी खाऱ्या पाण्यात कायम उभी राहणार असेल तर अ‍ॅल्युमिनियमसाठी म्हणून बनवलेले वेगळे रंग मिळतात. आणि आपल्यापैकी बहुतेकांची होडी संध्याकाळी ट्रेलरवर घरी येते. झेब्रा शिंपले होडीबरोबर एका तळ्यातून दुसऱ्यात पसरतात, त्यामुळे इथे तळ्यातून काढल्यावर ती साफ करून, पाणी काढून न्यावीच लागते. असल्या होडीला शेवाळरोधक रंगाची गरजच नाही.

‘रविवारी पाण्यात’ याबद्दल एवढंच: हाताला कोरडा लागणारा रंग आतून कच्चा असतो. आठवडाभर थांबा, नाहीतर ट्रेलरच्या फळ्यांवरच्या गालिच्याची नक्षी तळावर उमटते.

गळतीचं त्या मजकुरात नावही नाही. रंगाने रिवेट बंद होत नाही. होडी ट्रेलरवरच ठेवून आत पाणी भरा आणि खालून खडूने खुणा करा. पण चार बोटांहून जास्त नको, एवढ्यानेच तीनेकशे किलो भरतात.

शेवटी नंबर. मागच्या पत्र्यावर उजवीकडे ठोकलेला १२ अक्षरांचा क्रमांक रंगाखाली बुजवू नका. नाळेच्या दोन्ही बाजूंना नोंदणीचा नंबर किमान ३ इंच उंच आणि रंगाला उठून दिसणारा लागतो. मी गडद हिरव्यावर काळा चिकटवला होता. पहिल्याच फेरीला काठावरून बायकोने ओरडून विचारलं, “अहो, नंबर लावायचा राहिला का?”