कुलूप लावलेल्या घरांबद्दल बोलायचंय

आज दुपारपासून डोकं तापलंय. आमच्या इंदूरच्या मल्टीच्या, म्हणजे फ्लॅटच्या बिल्डिंगच्या, गेटवर एक मुलगा उभा होता, बरोबर बायको, कडेवर दीडेक वर्षाची पोर, खरगोनचे. इथल्या सुपर कॉरिडॉर रस्त्याकडे नोकरी लागलीये, तीन आठवडे रूम शोधतायत. वॉचमन म्हणाला, "खाली नहीं है भैया."

खाली नाही? अहो बारा फ्लॅटची मल्टी, तीन फ्लॅटना कुलूप! एक तर सहा वर्षं बंद आहे, बाल्कनीत कबुतरं, दारावरचं प्लास्टिकचं तोरण पार पांढरं पडलंय. मी लगेच मालकांना फोन लावला, आपलेच मराठी, पुण्याला असतात. म्हणाले, "राहू द्या हो वहिनी, भाडं येऊन येऊन किती येणार, रेट तर वाढतोच आहे."

मला रामबागेतल्या आजीच आठवल्या एकदम. 1979 ला आईबाबा धारहून आले तेव्हा आजींनी वाड्यातली मागची खोली दिली, माजघराला पडदा लावून. ना डिपॉझिट ना दलाल. विचारलं एवढंच, "पहाटे नळाला उठाल ना?" नर्मदेचं पाणी इंदूरला नुकतंच आलेलं. मी त्याच खोलीतली.

सगळे म्हणतात घरं कमी आहेत, बांधा अजून. बांधा की, बांधायला हवीतच. पण कोणासाठी? 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरांत 1 कोटी 10 लाख घरं रिकामी निघाली आणि पुढच्याच वर्षी सरकारी समितीने शहरांतली टंचाई सांगितली 1 कोटी 87 लाख घरांची, आणि ती जवळजवळ सगळी कमी कमाईवाल्यांची. म्हणजे ज्याला घर हवंय त्याला ते परवडत नाही आणि ज्याला परवडतं तो कुलूप लावून रेटची वाट बघतो. आपल्याकडे तर प्लॉट डायरीवरच फिरतात, म्हणजे रजिस्ट्री न करता नुसत्या कच्च्या नोंदीवर, या हातातून त्या हातात, वीट एक लागत नाही, भाव मात्र दर वेळी वर! चीड येते. आणि हे करणारे कोणी परके नाहीत, आपल्याच घरातले आहेत.

हो, काही भाडेकरू घर सोडत नाहीत, मध्य प्रदेशचा 1961 चा भाडे नियंत्रणाचा कायदा आणि कोर्टाच्या तारखा, माहितीये मला. त्यासाठीच 2021 ला केंद्राने नमुना भाडेकरू कायदा आणला ना, लेखी करार, दोन महिन्यांहून जास्त डिपॉझिट नाही, भांडण झालं तर वेगळं कोर्ट. राज्यांनी तो लागू करायचा असतो, तो करा म्हणून एकदा तरी बोललोय का आपण?

आजींनाही भीती वाटली असेलच की. अनोळखी जोडपं, एक पेटी आणि एक स्टोव्ह घेऊन आलेलं. तरी पडदा लावला.

मघाशी बाळाला पाणी द्यायला वर बोलावलं त्यांना. पोरगी आमच्या देवघरातली घंटी वाजवत बसली, सोडेचना. तिच्या आईचे डोळे भरले होते, मी बघितलं नाही असं केलं.

नंबर घेऊन ठेवलाय त्याचा. पुण्याला रात्री परत फोन करणार आहे, रागावले तर रागावू देत. आणि सुदामा नगर, लोकमान्य नगरकडे कोणाचे दोन खण बंद असतील तर मला आजच मेसेज करा.